गोळ्यांचा वाढप्या

गोळी उताणी पडली काय नि पालथी पडली काय, यंत्राला ते कसं कळतं, हा प्रश्न मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत कधी पडला नव्हता आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. नगरपालिकेच्या बांधकाम-परवाना खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला सहसा प्रश्न पडत नाहीत. तो समोरच्याला प्रश्न विचारतो आणि उत्तर तीन प्रतींत मागतो. पण यंदाच्या हिवाळ्यात माझ्या उजव्या अंगठ्यानं संप पुकारला आणि तिथून पुढं जे जे झालं ते केवळ कुतूहलापोटी झालं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

आमच्या निसेट गावात हिवाळा पाच महिने मुक्काम ठोकतो. या काळात बायका रजया शिवतात आणि पुरुष तळघरात काडतुसं भरतात. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकायची नाही. घासूनपुसून घ्यायची, बुडात नवी टिकली बसवायची, मापानं बारूद घालायची, तोंडावर गोळी ठेवायची आणि यंत्राचा दांडा ओढून ती आत दाबायची. झालं काडतूस. दुकानात तयार डबे मिळतात, नाही असं नाही. पण आमच्या क्लबाच्या गुरुवारच्या नेमबाजीत विकतचं काडतूस चालत नाही. चर्चच्या जेवणाला दुकानातला ॲपल पाय घेऊन येणाऱ्या बाईशी आमच्याकडे सगळे फार आपुलकीनं बोलतात. तसली आपुलकी वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. क्लबाचा नियम त्याच जातीचा आहे.

आता अंगठा. पुंगळीच्या तोंडावर गोळी ठेवायची म्हणजे वाटाण्याएवढी वस्तू दोन बोटांच्या चिमटीत धरून सरळ उभी करायची. एका हिवाळ्यात तीन-चार हजार वेळा. बावीस वर्षं अंगठ्यानं हे निमूटपणे केलं. यंदा संधिवातानं तो असा काही आखडला, की दहातल्या चार गोळ्या जमिनीवर आणि त्या शोधायला मी टेबलाखाली. टेबलाखालून वर येताना आणखी दोन अवयव संपात सामील व्हायचे.

यात काळजीचं कारण होतं, आणि त्याचं नाव डुएन. डुएन हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. क्लबात नेम धरायच्या जागा सोळा. जागा कुटुंबाच्या नावावर असते आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारी, हंगामाच्या पहिल्या सामन्याला, त्या कुटुंबातलं माणूस स्वतः भरलेली एकशेवीस काडतुसं घेऊन रेषेवर उभं राहिलं नाही, तर जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला जाते. प्रतीक्षायादीत पहिला डुएन. सहा वर्षं पहिलाच. सहा वर्षं तो माझ्या तब्येतीची इतक्या मायेनं चौकशी करतोय, की परका माणूस ऐकेल तर त्याचे डोळे भरून यावेत.

"दाजी, अंगठा कसा आहे?" नाताळच्या जेवणावर त्यानं विचारलं.

"उत्तम," मी म्हणालो आणि काटा माझ्या हातातून बटाट्यांत पडला.

"नाही, जपा हो. या वयात बोटं गेली की गेली." एवढं बोलून त्यानं स्वतःचा अंगठा सहज म्हणून दोन वेळा वाकवून दाखवला.

त्याच संध्याकाळी मी यंत्र मागवलं.

हे यंत्र म्हणजे एक वाडगं. जुन्या यंत्राच्या डोक्यावर ते बसवायचं. त्यात पाचशे गोळ्या ओतायच्या, खालची मोटर वाडग्यातली तबकडी फिरवते, गोळ्या एकेक करून नळीतून खाली उतरतात आणि दांडा ओढाल तेव्हा प्रत्येक पुंगळीच्या तोंडावर बरोबर एक गोळी येऊन बसते. माणसानं फक्त दांडा ओढायचा. पंक्तीत वाढपी जसा ओळीनं एकेक लाडू ठेवत जातो, तसं. आर्डिसनं, म्हणजे माझ्या बायकोनं, खोक्यावरचं चित्र बघितलं आणि त्याला वाढप्या म्हणायला सुरुवात केली. ती म्हणाली, "बरं झालं. घरात एक तरी पुरुष वाढायला उठेल."

तळघरात वाढप्या बसवायला घेतला तेव्हा पहिली अडचण कळली. टेबल, त्यावर यंत्र, यंत्रावर वाढप्या, असा मनोरा रचला, की वाढप्याचं डोकं छताखालून गेलेल्या गरम हवेच्या पत्र्याच्या नळावर आपटत होतं. चार बोटं कमी पडत होती.

इथं शहाण्या माणसानं टेबल बदललं असतं. पण शेजारी गेलन आला होता. गेलन चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करत होता आणि जगातली प्रत्येक वस्तू ही बिघडलेला ट्रॅक्टर आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे.

"ऑर्डेल, टेबलाला हात लावू नकोस," तो म्हणाला. "टेबल हलतं असलं की यंत्र बिनसतं. नळ सरकव."

"नळ?"

"अरे, पत्र्याचा नळ तो. इथून गेला काय नि तिथून गेला काय, हवा ती हवाच. दोन तासांचं काम. माझ्या गाडीत हत्यारं आहेत."

गेलनच्या गाडीत हत्यारं असतातच. दोन तासांचं काम आम्ही तीन दिवसांत संपवलं. नळ फूटभर डावीकडे गेला, वाढप्या ताठ उभा राहिला आणि मी आर्डिसला खाली बोलावून वाडग्यात पाचशे गोळ्या ओतल्या. मोटर घुरघुरली. गोळ्या खळखळत फिरल्या, टकटक करत नळीत शिरल्या. मी दांडा ओढला. पुंगळीच्या तोंडावर गोळी. पुन्हा ओढला. पुन्हा गोळी. आर्डिसनं टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या आयुष्यात ती घटना वारंवार घडत नाही.

तेवढ्यात गेलननं तो प्रश्न विचारला.

"पण ऑर्डेल, वाडग्यात गोळ्या कशाही पडल्यात. काही टोक वर, काही बूड वर. मग खाली येताना सगळ्या टोक वर करूनच कशा येतात?"

आम्ही तिघंही वाडग्यात बघू लागलो. तबकडी फिरत होती. गोळ्या कडेकडेनं चढत होत्या, मध्येच कुठंतरी काहीतरी व्हायचं आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या शहाण्या मुलांसारख्या बुडावर बसलेल्या दिसायच्या. मध्ये काय व्हायचं ते मात्र डोळ्यांना सापडत नव्हतं.

"माहितीपत्रकात बघा की," आर्डिस म्हणाली.

माहितीपत्रकात लिहिलं होतं: गोळ्या आपोआप सुलट होतील. 'आपोआप' हा शब्द मी एकतीस वर्षं लोकांच्या अर्जांवर लाल शाईनं खोडत आलोय. पावसाचं पाणी आपोआप निघून जाईल, भिंत आपोआप वाळेल. आपोआप काहीही होत नसतं. कुणीतरी करतं, आणि ते कोण हे कळल्याशिवाय मी सही केलेली नाही.

त्या दिवशी काडतुसं झाली चार. बाकीचा वेळ आम्ही बघण्यात घालवला.

दुसऱ्या दिवशी गेलन मोठं भिंग घेऊन आला. तिसऱ्या दिवशी त्यानं आर्डिसची लाल नखपॉलिश मागून एक गोळी रंगवली, म्हणजे ती कुठं कोलांटी खाते त्याचा माग लागेल. कल्पना उत्तम होती. लाल गोळी फिरत फिरत कडेला आली, आम्ही श्वास रोखला, आणि नेमक्या त्या क्षणी आमची दोन्ही डोकी एकमेकांवर आपटली. पुढच्या फेरीला ती नळीत गेली आणि ओल्या पॉलिशमुळं तिथंच चिकटून बसली. नळी उघडून ती काढेपर्यंत जेवायची वेळ झाली.

गावात बातमी फुटली. आमच्याकडे हिवाळ्यात बातम्यांचा तुटवडा असतो. पोस्टमन आला, बघून गेला. चर्चचा ऑर्गन वाजवणारे गृहस्थ आले. त्यांचं म्हणणं पडलं, की वाडग्यात वारं फुंकलं जात असणार. एकदा तर खुद्द डुएन आला. तासभर वाडग्यात बघत होता. मग मला म्हणाला, "किती झाली दाजी?"

"काय किती?"

"काडतुसं."

तोवर झाली होती अकरा. बघे आले की बारूद वरच्या कपाटात कुलपात जायची, कारण बारूद आणि गप्पा एका टेबलावर ठेवायच्या नाहीत ही मला शिकवलेली पहिली गोष्ट. आणि बघे कायमच येत होते. "भरपूर झाली," मी म्हणालो. डुएननं मान डोलावली आणि जाताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असं बघितलं, जसं कुणी मेजवानीच्या टेबलाकडे बघावं.

शेवटी कोडं सुटलं ते आर्डिसमुळं. ती धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन खाली आली होती. आम्हा दोघांच्या खांद्यांमधून तिनं जेमतेम मिनिटभर बघितलं.

"ती कडेची पट्टी बघा," ती म्हणाली. "नखाएवढी आहे ती. ज्या गोळीचं बूड त्या बाजूला, ती त्यावर टेकून बसते, कारण बूड सपाट. जिचं टोक त्या बाजूला, तिला टेकायला काही नाही. ती घसरते आणि घसरता घसरता उलटते. पलंगावरची रजई अशीच उलटवते मी. जड बाजू आधी सोडायची."

बघितलं तर खरंच तसं होतं. एवढीशी पट्टी! मोटर नाही, डोळा नाही, मेंदू नाही. गोळी स्वतःच्या आकारामुळंच सुलटी होते. गेलननं टोपी काढली. त्या पट्टीकडे मी पुढचा पूर्ण आठवडा बघत बसलो. आता कळलं होतं ना, मग बघायला जास्त मजा यायची. दुसऱ्या आकाराच्या गोळ्या घातल्या तर काय होईल, तेही बघितलं. तबकडी हळू फिरवली तर? तेही बघितलं. सुकवलेले वाटाणे घातले तर? हे आम्ही कोणालाही सांगायचं नाही असं ठरलं होतं.

इकडे वरच्या मजल्यावर वेगळंच नाटक चाललं होतं. नळ सरकवल्यापासून न्हाणीघरात गरम हवा जायची बंद झाली होती आणि सगळी ऊब तळघरात साठत होती. खाली आम्ही सदऱ्याच्या बाह्या सारून कुतूहल भागवत होतो आणि वर आर्डिसच्या टूथपेस्टचा दगड झाला होता. ती मला काही बोलली नाही. आमच्याकडे बायका नवऱ्याला बोलत नाहीत. त्या चर्चमध्ये बोलतात. रविवारी तिनं कॉफी पिताना सहज म्हटलं, की आमचं न्हाणीघर यंदा जरा गारच आहे, नळ हलवला ना. आणि भजनाच्या चमूत दुसऱ्या ओळीत उभी राहते कोरीन.

कोरीन म्हणजे माझ्या खुर्चीवर आता बसणारी बाई. मीच तिला शिकवलं. सोमवारी सकाळी नऊला फोन आला.

"सर, तुमचा नळ हलला असं कानावर आलं."

"थोडासा."

"परवाना घेतलात?"

"कोरीन, माझ्याच घरात, माझ्याच तळघरात..."

"सर," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरच दुःख होतं, "कलम चौदा."

कलम चौदा मी लिहिलेलं आहे. घरातली गरम हवेची व्यवस्था बदलायला परवाना लागेल. आणि शेजाऱ्यानं केलेलं काम हे परवाना नसलेल्या कारागिराचं काम समजलं जाईल. हे दुसरं वाक्य मी तीस वर्षांपूर्वी गेलननं कुणाचा तरी व्हरांडा बांधला होता, तो डोळ्यांपुढं ठेवूनच लिहिलं होतं. गावात त्या कलमाची फार तारीफ झाली होती.

बुधवारी, म्हणजे सामन्याला आठ दिवस राहिले असताना, कोरीन पाहणीला आली. आर्डिसनं कॉफी विचारली. कोरीन रीतीप्रमाणं दोन वेळा नको म्हणाली, तिसऱ्या वेळी "अर्धाच कप" म्हणाली आणि लेफ्साच्या, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळीच्या, लोणी-साखर लावलेल्या चार वळकट्या खाल्ल्या. मग तळघरात उतरली. नळाकडे तिनं अर्धं मिनिट बघितलं.

"आणि हे काय फिरतंय, सर?"

मी वाढप्या चालू केला. पट्टी दाखवली. कोरीन वाकली. मग स्टूल घेऊन बसली. मग कोट काढला.

"म्हणजे सपाट बाजू टेकते आणि निमुळती घसरते. अगंबाई! किती साधं! पुन्हा दाखवा."

अडीच तास! माझ्याच खात्याचा माणूस इतक्या आस्थेनं एखाद्या गोष्टीची पाहणी करतोय, हे बघून मला भरून आलं. मला वाटलं, आता नळाचं काय ते मिटलं. कोरीननं उठून कोट घातला, मला मनापासून धन्यवाद दिले, आणि तळघराच्या दारावर पिवळा कागद डकवला. नळ परवानाधारक कारागिरानं मूळ जागी बसवून फेरतपासणी होईपर्यंत सदर खोलीत काम करण्यास मनाई.

"कोरीन! पुढच्या गुरुवारी सामना आहे. माझी एकशेवीस काडतुसं..."

"किती झालीत, सर?"

"अकरा."

"अरेरे," ती म्हणाली. "कागदावरची सहीसुद्धा तुमच्याच पद्धतीनं केलीय बघा. खाली दोन रेघा."

परवानाधारक कारागीर त्या आठवड्यात मोकळा नव्हता. थंडीत लोकांचे पाण्याचे नळ गोठतात आणि तो तालुकाभर फिरत असतो. मी कागद फाडून खाली जाऊ शकत होतो. गेलननं तसं सुचवलंही. पण एकतीस वर्षं ज्यानं तो कागद लोकांच्या दारांवर लावला, तो माणूस तो कागद फाडू शकत नाही. मी अर्ज केला: यंत्र तळघरातून बाहेर नेण्याची परवानगी मिळावी. अर्जात 'नळ सरकवण्याचे मूळ कारण' असा रकाना होता. मी लिहिलं: गोळ्यांना डोक्यावर जागा हवी. मंगळवारी दुपारी परवानगी आली.

बुधवारी सकाळी, म्हणजे सामन्याच्या आदल्या दिवशी, गेलन आणि मी टेबल, यंत्र आणि वाढप्या मागच्या जिन्यानं वर आणून स्वयंपाकघरात मांडलं. मनोरा रचला. वाढप्या ताठ उभा राहिला. त्याच्या डोक्यावर छतापर्यंत हातभर मोकळी जागा शिल्लक होती.

 आर्डिस ओट्यापाशी उभी राहून छताकडे बघत होती. मग वाढप्याकडे. मग माझ्याकडे. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिचे अनेक अबोले ऐकले आहेत, पण इतका सविस्तर अबोला पहिलाच.

"एक गोष्ट सांगू का," गेलन म्हणाला, "मी तेव्हाच म्हणणार होतो..."

"गेलन भाऊजी, कॉफी घ्या," आर्डिस म्हणाली.

मोटर चालू केली. घुरघुर झाली, गोळ्या फिरल्या, पण नळीतून एकही गोळी खाली येईना. गोळ्यांना मेणाचा हात असतो. महिनाभर तळघराच्या उकाड्यात ते मेण वितळून नळीत उतरलं होतं, आणि मागचा जिना म्हणजे आमच्याकडे फेब्रुवारीत शीतपेटीच. चार पायऱ्या चढेपर्यंत नळीत गोळ्यांची मेणबत्ती झाली होती. मी वरून तार घालून ढोसलं. गेलन म्हणाला, खालून बोट घालून बघ, सुटेल. मी बोट घातलं. त्याच वेळी गेलनला वाटलं, की दांडा जरा ओढला तर मदत होईल.

डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनी एकत्र बांधली आणि वर इतकं कापूस-फडकं गुंडाळलं, की हाताला बटाटा लागल्यासारखा दिसू लागला. हाड मोडलं नव्हतं. पण दोन आठवडे या हातानं काही धरायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. ते असंही म्हणाले, की तो वाढप्या ते एकदा बघायला येणार आहेत.

दुपारी दोन वाजता मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलो होतो. खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. मला डुएन दिसत होता. म्हणजे तो तिथं नव्हता. पण मला दिसत होता, माझ्या जागेवर, कानांवर आवाज अडवायची टोपणं लावून. बावीस वर्षांत मी कधी पहिला आलो नाही. पाचवा, सहावा, एकदा तिसरा. पण दर गुरुवारी त्या रेषेवर माझे दोन पाय ठेवायला दोन फूट जागा होती, आणि निवृत्त माणसाला आठवड्यातून एकदा कुठंतरी उभं राहायला जागा लागते. हे मी कोणाला बोललो नव्हतो.

आर्डिसनं एप्रन सोडला, वाढप्या उपसून बाजूला ठेवला आणि यंत्रासमोर बसली.

"सांगा कसं करायचं ते."

"अगं, तुला..."

"सांगा म्हणते ना. मला बघायचंय."

मी सांगितलं. उजव्या हातानं गोळी, डाव्यानं दांडा. पहिल्या दोन तिनं सावकाश केल्या. तिसरीपासून तिची बोटं ॲपल पायच्या कडेला चुण्या घालतात तशी चालू लागली. गोळी, दांडा. गोळी, दांडा. मी डाव्या हातात टॉर्च धरून गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावत होतो आणि बारूद बरोबर आहे ना ते बघत होतो. तेवढंच काम माझ्याकडे उरलं होतं.

"हे दाबताना जरासं अडखळतं ते काय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "आणि ही पुंगळी जास्त जुनी आहे का? हाताला वेगळी लागते." होती जुनी. मला ती कधी वेगळी लागली नव्हती. "इतकी वर्षं तुम्ही खाली हे करत होता? मला वाटायचं, नुसते बसता."

सव्वातीनला एकशेवीस झाली. माझी अकरा पिवळ्या कागदामागं तळघरातच होती. वाढप्या सिंकशेजारी उभा राहून बघत होता.

गुरुवारी संध्याकाळी क्लबात सगळे सोळाच्या सोळा हजर होते. सामन्याआधी व्हर्लिन स्कार वही घेऊन रेषेवरून फिरतो. व्हर्लिन हा सुरक्षा बघणारा माणूस, आणि त्याचा एकच प्रश्न असतो. आमच्याकडे लोक एकवेळ दुसऱ्याचा टूथब्रश तोंडात घालतील, पण दुसऱ्यानं भरलेलं काडतूस स्वतःच्या पिस्तुलात घालणार नाहीत. बारूद दुप्पट पडली असेल, मुळीच पडली नसेल. ज्यानं भरलं त्यानंच ते हातात धरून उडवायचं. क्लबात यावर चर्चा होत नाही.

"स्वतः भरलीत?"

"हो." पुढचा. "स्वतः भरलीत?" "हो."

डुएन मागं बाकावर बसला होता, पिस्तुलाची पेटी मांडीवर आणि स्वतःच्या एकशेवीस काडतुसांचा डबा शेजारी. आर्डिस मध्यंतरासाठी ॲपल पाय घेऊन दारात उभी होती.

"स्वतः भरलीत, ऑर्डेल?"

एक अक्षर म्हणायचं होतं. ते अक्षर मी तोंडात तयारही ठेवलं होतं. हाताला बटाटा बांधलेला असूनही पिस्तूल डाव्या हातात धरून निभावलं असतं. पण व्हर्लिन वहीत लिहिणार होता, आणि खोट्या नोंदीवर सही करायला माझा हात, बांधलेला असो की मोकळा, अजून तयार होत नाही.

"मी तपासली," मी म्हणालो. "भरली आर्डिसनं."

सगळी रेषा वळून बघू लागली. व्हर्लिननं पेन थांबवलं. "दांडा कोणी ओढला?"

"तिनंच."

"गोळी कोणी ठेवली?"

"तिनंच. मी टॉर्च धरला."

पंधरा मिनिटं खल झाला. एकाचं मत पडलं, की टॉर्च धरणं हा भरण्याचाच भाग आहे. दुसरा म्हणाला, मग उद्या माझी मांजरही भागीदार होईल, ती टेबलावरच बसते. डुएन उभा राहून नियमांचं पुस्तक मोठ्यानं वाचू लागला. त्याला ते पाठ होतं. "म्हणजे कुटुंबातलं माणूस स्वतः भरलेली काडतुसं घेऊन रेषेवर नाही. जागा प्रतीक्षायादीला जाते. दाजी, मला फार वाईट वाटतंय."

"थांब," व्हर्लिन म्हणाला. तो पुस्तकात बोट घालून वाचत होता. मग त्यानं दाराकडे बघितलं. "वहिनी, सुरक्षेचा वर्ग झालाय का तुमचा?"

"झालाय की. यांच्याबरोबरच केला होता. हे झोपले होते."

"मग कुटुंब तेच, काडतुसं तुमची, आणि तुम्ही हजर आहात." व्हर्लिननं चष्मा पुसला. "रेषेवर यायचं असेल तर या."

"अगं ताई!" डुएन ओरडला. "तूसुद्धा?"

आर्डिसनं ॲपल पाय खिडकीत ठेवला. "डुएन, उगाच आकांत करू नकोस. मी केलेली ती उडतात का एवढंच बघते." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "चालेल ना तुम्हाला? नाहीतर जागा जाईल."

मी डाव्या हातानं माझं पिस्तूल तिच्यापुढं ठेवलं.

ती उडली. एकशेवीसच्या एकशेवीस. पहिल्या दहा जरा इकडेतिकडे गेल्या. त्यानंतर तिनं कागदाला पडलेली भोकं बघितली, मान जराशी वाकडी केली, आणि पुढं दर वेळी गोळी जिथं जायला हवी तिथं किंवा अगदी शेजारी गेली. बाराशेपैकी तिचे गुण मला आठवत नाहीत. एक हजार एकाहत्तर. माझे आजवरचे सर्वांत जास्त एक हजार त्रेसष्ट.

व्हर्लिननं वहीत आमच्या ब्राटन कुटुंबापुढं तिचं नाव लिहिलं आणि तो माझ्याकडे आला. "ऑर्डेल, नियम माहीत आहे तुला. हंगाम ज्यानं सुरू केला, तोच शेवटपर्यंत. तुझं नाव प्रतीक्षायादीत घालू?"

"घाल."

"डुएननंतर."

मी डाव्या हातानं सही केली आणि खाली दोन रेघा मारल्या. रेषेवर आर्डिस पुंगळ्या वेचत होती आणि शेजारच्या माणसाला विचारत होती, की तुमच्या काडतुसांचा आवाज माझ्याहून जाड का येतो. तिला माझी आठवणही नव्हती.

मी मागं गेलो. डुएननं डबा उचलून मांडीवर घेतला, थर्मासचं झाकण उघडून त्यात कॉफी ओतली आणि माझ्यापुढं धरली. मग बाकावर माझ्यासाठी हात टेकून जागा दाखवली.

"बसा दाजी," तो म्हणाला. "फक्त एक सांगून ठेवतो. हीटरजवळचं टोक माझं आहे."